मंगळवार, मॅडम

"मंगळवार," भिंगरी म्हणाली, आणि मला ओलांडून पुढे गेल्यावर, मान न वळवता, "मंगळवार, मॅडम."

मंगळवारच होता. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. सकाळी मैदानाच्या फाटकाजवळच्या फळ्यावर मीच वार लिहिला होता आणि त्याखाली "निवड चाचणी, लांब पल्ला, मुली" असं. तरी ते दोन शब्द मला खटकले. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन निघावी, तसं. त्याला आता बराच वेळ झाला. आता मी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बसले आहे. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यामुळे पलीकडच्या टोकाला कुणी टेकलं की माझीही खुर्ची हलते. माझे कपडे छातीपर्यंत भिजले होते, ते अंगावरच वाळत आलेत. बुटांत मात्र अजून पाणी आहे. पायाची बोटं हलवली की चुबूक करतं. हात मांडीवर ठेवलेत. ते माझे वाटत नाहीत. कुणीतरी "जरा धरता का हो" म्हणून माझ्याकडे सोपवून गेलंय, असे पडलेत. मी एक नख दाबून पाहिलं. पांढरं झालं, मग गुलाबी झालं, पण मला त्यातलं काही कळलं नाही. बर्फात इतका वेळ हात ठेवल्यावर असं होणारच, थोड्या वेळानं येतील, असं नर्स म्हणाली. हात कुठे गेले होते आणि कुठून येणार, असं मनात आलं. एरवी मला यावर हसू आलं असतं. समोरच्या दाराआड भिंगरी, आमच्या शाळेतली सगळ्यात वेगानं धावणारी पोर, पडली आहे, तिनं अजून डोळे उघडलेले नाहीत, आणि उघडेल तेव्हा आत कोण असेल हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

मी शाळेतली खेळाची बाई. मुली नुसतं बाई म्हणतात. मॅडम कुणीच म्हणत नाही, भिंगरी तर नाहीच नाही. उन्हात धावणाऱ्या मुलीचे पाय शेवटपर्यंत इमानी असतात, दगा देतं ते डोकं, एवढी एक गोष्ट मी या नोकरीत शिकले आणि तिलाच चिकटून बसले. पाय धावत असतात, घाम येत असतो, श्वास चालू असतो, आणि आतलं माणूस मात्र दार लोटून निघून गेलेलं असतं. म्हणून उन्हाळा लागला की दर फेरीला वळणावरच्या झाडाखाली मी ओल्या स्पंजांची बादली घेऊन उभी राहते आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकीला विचारते, आज वार कोणता? डोकं जाग्यावर असेल तर उत्तर येतं. नसेल तर मी तिला बाहेर काढते. साधा नियम. पण मुलींना नियम द्यावा आणि त्यांनी तो तसाच ठेवावा असं कधी झालंय? पहिले काही दिवस सोमवार, मंगळवार चाललं. मग एकदा भिंगरी आली ती दोन्ही हात फिरवत, "तलवार!" झालं. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर सोमवार उरला नाही, मंगळवार उरला नाही. परिवार, उमेदवार, तपशीलवार. दमछाक झालेल्या पोरी फेरीभर डोकं खाजवत यायच्या आणि माझ्यासमोर आल्या की शब्द फेकून जायच्या. भिंगरी दर फेरीला नवा आणायची. एकदा मला वळसा घालून पाठीमागून आली आणि कानाशी ओरडली, "बाई, वार पाठीवर!" स्पंज माझ्या हातातून पडला. तिच्या उलट कासव. कासव म्हणजे तिच्याच वर्गातली, सगळ्यात शेवटी धावणारी, जाडजूड, कधीही न रुसणारी. तिचं उत्तर ठरलेलं. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत एकच, "हळुवार." तो शब्द दुसरीनं घ्यायचा नाही असा अलिखित कायदा होता. घेतला तर कासव तेवढ्यापुरती वेगानं धावायची आणि चोरणारीला गाठायची.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदा हे ऐकून म्हणाल्या, "तुम्ही सुरक्षेसाठी प्रश्न ठेवलात ना? मग त्याचा तमाशा कसा होऊ दिलात?" त्यांचं बरोबर होतं. प्रश्न बदलायला हवा होता. आईचं नाव विचार, सातचा पाढा विचार, काहीही. मी बदलला नाही. एक तर मला त्या उत्तरांनी हसू यायचं, आणि गेल्या काही दिवसांत मला हसू येण्याची ठिकाणं फार उरली नव्हती. आणि दुसरं म्हणजे, हळूहळू माझ्या ध्यानात आलं होतं की ही थट्टा प्रश्नापेक्षा कामाची आहे. वार काय, पोपटालाही शिकवता येतो. कोटी करायला मात्र घरात कुणीतरी जागं असावं लागतं. त्यामुळे मी उत्तर बरोबर आहे का हे बघणं सोडून दिलं होतं आणि ते पुरेसं चुकीचं आहे का एवढंच ऐकत होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मोठ्या बाईंनी मलाच वार विचारला असता.

पलीकडच्या टोकाला मोठ्या बाई बसल्या आहेत. उठतात, फोनवर बोलतात, बसतात. माझी खुर्ची हलते. माझ्याशी त्या बोलत नाहीत. मघाशी एकदाच बोलल्या. "दवाखान्याची गाडी दारात उभी होती," म्हणाल्या. "गाडी दारात उभी असताना तुम्ही पोरीला बर्फात धरून ठेवलंत. काही कमीजास्त झालं तर मी तिच्या आईला काय सांगू, तुम्हीच सांगा." वाक्य माझ्यापर्यंत आलं, मी ते नीट ऐकलं, त्याचा अर्थ लागला, आणि मग ते माझ्यावरून पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारखं वाहून गेलं. हे मला नवीन नाही. वडील गेले तेव्हापासून असंच आहे. आत्या म्हणाली होती, "रड बाई एकदा मोकळी होऊन, असं बरं नव्हे." मी हो म्हणाले आणि तिला चहा करून दिला.

वार विचारायची कल्पना माझी नव्हेच, वडिलांच्या डॉक्टरांची. वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. घरात पत्र आलं तरी आधी लाल पेन्सिल घ्यायचे, मग वाचायचे. अशा माणसाचं विसरणं लवकर कळत नाही, कारण तो चुकत नाही. चुकेल असं वाटलं की गप्प बसतो. डॉक्टर विचारायचे, आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठे बसलोय? वडील फाडफाड उत्तरं द्यायचे. डॉक्टर माझ्याकडे बघायचे, मी डॉक्टरांकडे, आणि आम्ही दोघंही खूश. मग एकदा दवाखान्यात जाताना बसमध्ये त्यांनी मला सहज विचारलं, "आज वार कोणता गं?" मी सांगितला. थोड्या वेळानं, "महिना हाच ना?" मी हो म्हणाले. उतरेपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, जुनी सवय, काहीतरी जुळवत असतील. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं आणि त्यांनी दोन्ही उत्तरं दिली, खणखणीत, आणि मला तेव्हा कळलं की हा माणूस दर वेळी माझ्याकडूनच पेपर फोडून घेत होता. तरीही मी ते डॉक्टरांना सांगितलं नाही. बिचारे इतक्या मेहनतीनं पास होत होते. पण खरं कळलं ते त्यानंतर, एका दुपारी. मी नेहमीसारखी त्यांच्या खोलीत शिरले. लहानपणापासून मला ते एकाच नावानं हाक मारायचे, गाढवे. चष्मा दे गं गाढवे. आलीस का गाढवे. त्या दिवशी ते खुर्चीतून अर्धवट उठले, शेजारची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "या ना. बसा तुम्ही." किती अदबीनं! आवाजात कुठे खोट नव्हती. आयुष्यात त्यांनी मला कधी इतकं चांगलं वागवलं नव्हतं. मी बसले. तुम्ही म्हटल्यावर बसावंच लागतं.

"मंगळवार, मॅडम." तीच अदब.

चाचणी खरं तर उजाडता उजाडता व्हायची होती. सगळ्या मुली आल्या होत्या, मैदान गार होतं, झाडांच्या सावल्या लांब होत्या. निवड समितीचे साहेब यायचे होते. ते आले नाहीत, मग येतायत, मग निघालेत, मग रस्त्यात आहेत. सावल्या आखडत आखडत झाडाच्या बुंध्याशी आल्या तेव्हा साहेबांची गाडी आली. मी मोठ्या बाईंना म्हटलं, आज नको, उद्या सकाळी घेऊ. त्या म्हणाल्या, "साहेबांना उद्या वेळ नाही. आणि तुमचं बर्फाचं दुकान मांडलंय ना तिकडे? मग कसली भीती?" बर्फाचं दुकान म्हणजे मैदानाच्या कडेला शेडखाली ठेवलेला निळा टब. चादरी धुवायचा असतो तसला मोठा. चाचणीच्या दिवशी मी तो पाण्यानं भरून ठेवते आणि शेजारी बर्फाच्या लाद्या, पोत्यात गुंडाळून. तो कधी लागला नव्हता. संध्याकाळी मुली त्यात पाय बुडवून बसायच्या. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून माझी टर उडवायचे. गणिताचे सर म्हणायचे, "बाईंचं आपलं डोक्यावर बर्फ, तोंडात साखर." मी मोठ्या बाईंना म्हटलं, ठीक आहे, पण मला वाटलं तर मी कुणालाही मधून बाहेर काढीन, आणि त्यावर कुणी बोलायचं नाही. साहेबांनी छत्रीखालून मान हलवली. हो म्हणायला काय जातं? भिंगरी तेव्हा बुटाच्या नाड्या बांधत होती. निवड झाली असती तर ती खेळाडूंच्या वसतिगृहात गेली असती. शिक्षण, जेवण, बूट, सगळं तिथलं. पहिल्यांदा आपल्या एकटीचा पलंग मिळणार, असं ती कासवाला सांगत होती. तिचा चेहरा जरा ओढलेला वाटला. मी विचारलं, बरं आहे ना गं? ती म्हणाली, "बाई, माझं बरं नसलं तर बाकीच्यांचं काय होईल?" उत्तर पुरेसं चुकीचं होतं. मी सोडून दिलं.

पहिल्या फेऱ्यांना ती बोलली. उमेदवार म्हणाली, आणि छत्रीकडे बोट दाखवून वाट बघायला लावणारा "पाहुणेवार". मग एका फेरीला नुसतंच हसली. मी ते हसणं उत्तर म्हणून धरलं. धरायला नको होतं का? ती सगळ्यांच्या पुढे होती, जवळजवळ अर्धी फेरी पुढे. छत्रीखालचे साहेब उभे राहून बघत होते. मग ती वळणावर आली. मान ताठ, हात बरोबर कोनात, पावलं एकसारखी. मी विचारलं आणि तिनं सांगितलं. मंगळवार. मंगळवार, मॅडम. स्पंजांची बादली मी लाथेनं उडवली म्हणतात, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मी तिच्यामागे धावत होते आणि ती गाठली जात नव्हती, आणि माझ्या डोक्यात अत्यंत थंडपणे एक विचार चालू होता, की भिंगरी अशी धावत नाही, भिंगरी धावताना डावा खांदा वेडावाकडा उडवते, मी तिला दोन वर्षं तो खांदा खाली ठेव म्हणून ओरडते आहे, आणि आज तो खाली आहे. मी तिला मागून मिठी मारली. अंग असं तापलं होतं, की वाटावं, कुणीतरी इस्त्री चालू ठेवून गेलंय. साहेब ओरडले, "अहो, काय करताय? पुढे आहे ती!" मोठ्या बाई धावत आल्या. "काय झालं? वार चुकली का?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर सांगितला."

त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं मीही बघितलं असतं. आणि भिंगरी माझ्या मिठीत शांत उभी. कुठे धडपड नाही, रडारड नाही. तिनं माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे विचारलं, "मला सोडता का? मला घरी जायला उशीर होतोय." साहेब म्हणाले, बघा, शुद्धीत आहे पोर, उगाच तिची संधी घालवली. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचे गुडघे वळले. मग मी तिला उचललं की ओढलं, कुणाला ठाऊक. कासव शर्यत सोडून मैदानाच्या मधून आली, तिनं पाय धरले. आम्ही तिला बुटांसकट टबात घातलं. गणिताच्या सरांनी लाद्या फोडल्या. तिचं डोकं वर धरायला दुसरं कुणी पुढे होईना, म्हणून मी आत शिरले. पाणी सुरीसारखं लागलं, मग लागेनासं झालं.

दवाखान्याची गाडी आली तेव्हा माझे हात तिच्या काखेत होते. ड्रायव्हर म्हणाला, "चला चला, उचला." मी म्हटलं, अजून नाही. थर्मामीटरचा पारा अजून उतरत नव्हता. गाडीत घातलं तर ती तापलेलीच राहील; आधी थंड करायचं, मग न्यायचं, हे मी कागदावर लिहून शिक्षकांच्या खोलीत चिकटवलं आहे, त्यावर आता सहलीची वर्गणी चिकटवलेली आहे. मोठ्या बाई ओरडत होत्या. साहेब म्हणाले, मी या प्रकाराचा साक्षीदार नाही, आणि छत्री मिटून निघून गेले. मी खाली बघत होते. तिचे डोळे अर्धे उघडे, कुठेच न बघणारे. ती मेली तर मी मारली असं होईल, हे मला स्वच्छ कळत होतं. पण ते दुसऱ्या कुणाबद्दल वाचावं तसं कळत होतं. भीती असायला हवी होती तिथं नुसतं पाणी होतं, त्यात तरंगणारा एक ओला पोत्याचा तुकडा, आणि मी त्या तुकड्याकडे बघत होते. ताप उतरला तसं मी म्हटलं, आता.

तिची आई आली ती कारखान्यातून तशीच, खांद्यावर मोजायची टेप. कपडे शिवायच्या कारखान्यात आहे ती. तिला कुणीतरी फोनवर काय सांगितलं कोण जाणे, तिनं आधी मला वरून खाली न्याहाळलं, माझे ओले कपडे, ओले केस, आणि विचारलं, "बुडाली का हो? ती तर धावायला गेली होती. पाणी कुठून आलं?" मी सांगायचा प्रयत्न केला. उन्हानं झालं, म्हणून बर्फात घातलं. ती ऐकत होती आणि टेप बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती. मग म्हणाली, "रात्रभर उलट्या करत होती. पोटात पाणी ठरत नव्हतं. मी म्हटलं जाऊ नको, तर पाया पडली माझ्या. बाईंना सांगू नकोस म्हणाली, त्या बाहेर काढतील." ती माझ्यावर चिडायला तयार होऊन आली होती आणि आता तिला ते जमत नव्हतं, म्हणून ती आणखीच चिडली. "तुम्हाला कळायला नको होतं का? दिवसभर तुमच्याकडे असते ना ती?" मी म्हटलं, "कळायला हवं होतं." तिनं तोंडाला पदरासारखी टेप लावली आणि ती माझ्या शेजारी बसली. माझी खुर्ची हलली.

तरुण डॉक्टर मध्येच बाहेर आले होते. थंड केलंत ते फार बरं केलंत, म्हणाले, तेही मोठ्या बाईंसमोर, पण मोठ्या बाई तेव्हा फोनवर होत्या. ताप उतरलाय, रक्त तपासायला गेलंय, बाकी सावरेल असं वाटतंय. "डोक्याचं मात्र ती जागी झाल्यावर कळेल." आई म्हणाली, "डोक्याचं म्हणजे?" डॉक्टर म्हणाले, "म्हणजे ओळखते का, नीट बोलते का, ते." आणि परत आत गेले. ओळखते का! मला वडिलांनी सरकवलेली खुर्ची दिसली. लाकडी, एका पायाला कागदाची घडी लावलेली.

कासव कुठल्या बसनं आली कळलं नाही. दोन्ही हातांत भिंगरीचे बूट, पाणी निथळत असलेले, आणि ती दवाखान्याच्या फरशीवर थेंब पाडत थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, एक सांगायचंय. मोठ्या बाईंना नका सांगू." मी म्हटलं, सांग. "ती मला मागे टाकून गेली ना, शेवटच्या वळणाआधी. दर वेळी काहीतरी बोलून जाते. बाजूला हो, मालगाडी, असं. आज माझ्या शेजारी आली आणि हळूच विचारलं, आज वार कोणता आहे? मला वाटलं, नवीन कोटी आहे. मी म्हटलं मंगळवार, का गं? तर ती ओठातल्या ओठात मंगळवार मंगळवार म्हणत पुढे गेली." कासवाचा चेहरा वाकडा झाला. "मी तिला पेपर सांगितला, बाई. मी सांगितलं नसतं तर तिला आलंच नसतं, मग तुम्ही आधीच..." मी तिला जवळ ओढलं. हात बधिर होते, त्यामुळे मी तिला धरलंय की नुसतं टेकवलंय ते मला समजेना. "अगं, मी पण सांगितला होता," मी म्हटलं. तिला ते कळलं नाही, आणि कळण्याचं काही कारणही नव्हतं. मी तिला म्हटलं, मी तिला थांबवलं कारण तिनं तू सांगितलेलं उत्तर दिलं. तू नसतं सांगितलं तर ती काहीबाही बोलली असती आणि मी हसले असते. हे खरं होतं की तिला बरं वाटावं म्हणून म्हणत होते, तेव्हाही ठाऊक नव्हतं, आत्ताही नाही.

खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं तेव्हा नर्सनं दार उघडलं आणि हात हलवून बोलावलं. आई उठली, मोठ्या बाई उठल्या, मी उठले. खुर्च्या एकदम हलक्या होऊन खडखडल्या. भिंगरीचे डोळे उघडे होते. नाकाशी नळी, ओठ फुटलेले, केस अजून ओलसर. आईला बघून ती "आई" म्हणाली. आईनं तोंडात बोळा कोंबावा तशी टेप कोंबली. डॉक्टर वाकले. "शाब्बास. आता मला एक सांग. आज वार कोणता?"

"मंगळवार," भिंगरी म्हणाली. मग थोडं थांबून, "मंगळवार, सर."

"उत्तम!" डॉक्टर सरळ झाले आणि हसले. आईला हुंदका आला. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले, मग फोन काढला, कुणाला तरी कळवायला. सगळ्या खोलीनं श्वास सोडला. मी एकटी पलंगाच्या पायथ्याशी तशीच उभी. मंगळवारच होता. पण तो दुपारचाच मंगळवार होता, कासवानं दिलेला, ओठातल्या ओठात घोकलेला. हा शब्द घेऊनच ती निघून गेली होती, आणि तोच हातात धरून परत आली असेल तर ती आली आहे की नुसता शब्द आलाय? मला पहिल्यांदा भीती वाटली. दिवसभरात पहिल्यांदा. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, बसा ना तुम्ही.

"भिंगरे," मी म्हटलं. आवाज फाटला. "आज वार कोणता?"

"सांगितलं की हो तिनं," आई म्हणाली.

भिंगरीनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. डोळे माझ्यावर होते, पण मला कुठल्या खणात ठेवायचं ते तिला ठरवता येत नसावं. मग ते माझ्यावरून सरकले आणि दाराकडे गेले. दारात कासव उभी होती, आत यायची परवानगी नाही म्हणून उंबऱ्याबाहेर, हातात ते बूट. भिंगरीचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिनं ओठ ओले केले.

"हळुवार," ती म्हणाली.

डॉक्टरांचं हसू तिथल्या तिथे थिजलं. "काय म्हणाली?" त्यांनी खिशातला टॉर्च काढला. मोठ्या बाईंनी फोन कानावरून खाली घेतला. आईनं तिचा हात घट्ट धरला आणि ती घाबरीघुबरी होऊन सांगू लागली, "अगं असं काय बोलतेस, मंगळवार म्हण ना बाळा, आत्ता बरोबर म्हणालीस, मंगळवार!" डॉक्टर तिच्या पापणीला हात लावणार तोच दारातून कासव ओरडली, दवाखाना वगैरे विसरून, सगळ्या पॅसेजभर घुमेल अशी.

"ए! तो माझा वार आहे!"

"आजच्यापुरता दे," भिंगरी म्हणाली. आणि तिचा डावा खांदा चादरीखाली किंचित उडाला.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते, आई माझ्याकडे बघत होती. टॉर्च ठेवा, असं मला त्यांना सांगायचं होतं; ती शुद्धीत आहे, ती आलीय, आता आलीय. पण मला बोलता येईना, गालांवरून काहीतरी वाहत होतं आणि मला आधाराला काहीतरी हवं होतं. मी पलंगाची कड धरली. लोखंड गार होतं, आणि ते मला कळलं.